खडी गंमत, दंडार टिपायची तर... आधी आवाजाची सोय, मग कॅमेरा

भंडारा : दिवाळी आटोपली की वैनगंगेच्या काठावरील गावांत मंडईचा हंगाम सुरू होतो. आज एका गावाची मंडई, उद्या शेजारच्या गावाची. दिवसा खडी गंमत किंवा दंडार आणि रात्री नाटक, असा बहुतेक ठिकाणचा क्रम. नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबईला गेलेली मंडळी या दिवसांत गावी परततात आणि शाहिराने पहिली ललकारी दिली की शेकडो मोबाइल एकाच वेळी वर होतात. मात्र शहरात परतल्यावर हेच चित्रीकरण पुन्हा पाहिले तर बहुधा निराशा पदरी पडते. चित्र बरे असते, पण शाहिराचे शब्द कळत नाहीत. ढोलकीची थाप फाटलेली ऐकू येते आणि उरलेली जागा भोंग्याच्या घरघरीने भरलेली असते.

हे नुकसान वरवर वाटते त्याहून मोठे आहे. खडी गंमतीत दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकतात. एका शाहिराने टाकलेल्या सवालाचा जवाब दुसरा शाहीर अनेकदा जागच्या जागी रचतो. तो जवाब वहीत लिहिलेला नसतो आणि पुढच्या गावात तो त्याच शब्दांत पुन्हा येईल, याची खात्री नसते. त्यात झाडीबोलीतील शब्द, म्हणी आणि गावकीचे संदर्भ असतात. साकोली येथील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि झाडीपट्टीच्या लोककलांवर लेखन करून हा ठेवा कागदावर आणला. गळ्यातला सूर, ढोलकीची चाल आणि प्रेक्षकांची दाद मात्र कागदावर उतरत नाही. ती ध्वनिमुद्रणातच राहते आणि ते चांगले करण्यासाठी आता फार मोठ्या खर्चाची गरज उरलेली नाही. खर्च कोणत्या क्रमाने करावा, एवढे मात्र कळले पाहिजे.

काय टिपायचे, ते आधी ठरवा

साधने निवडण्यापूर्वी कार्यक्रमाचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. भंडारा जिल्ह्यात, तसेच १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात, प्रामुख्याने तीन प्रकारचे प्रयोग पाहायला मिळतात आणि तिन्हींचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो.

खडी गंमत नावाप्रमाणेच उभ्याने सादर होते. शाहीर, त्याचे झीलकरी, ढोलकी, डफ, तुणतुणे आणि टाळ ही सारी मंडळी थोड्या जागेत दाटीने असतात. माईक बहुधा शाहिरापुढे असतो. ढोलकीचा मूळ आवाजच इतका मोठा असतो की तिला वेगळ्या माईकची गरज भासत नाही. दंडारीत गाणे आणि सोंगे यांच्या जोडीला नाच असतो, त्यामुळे आवाजाची जागा सतत बदलत राहते. झाडीपट्टीचे नाटक हा तिसरा प्रकार. लाखांदूर तालुक्याला लागून, नदीपलीकडे असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथून अनेक नाट्य कंपन्यांचा कारभार चालतो. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचेही लक्ष इकडे वळले. या नाटकांना स्वतंत्र मंच, प्रकाशयोजना, वादकांचा ताफा आणि मिक्सर असतो.

म्हणजे नाटकाचा बहुतेक आवाज मिक्सरपर्यंत पोहोचलेला असतो, खडी गंमतीचा निम्माच पोहोचतो आणि दंडारीचा तर अनेकदा त्याहूनही कमी. पुढची सारी निवड या एका फरकावर अवलंबून आहे.

मोबाइल नेमका कुठे कमी पडतो

आजच्या मोबाइलचा कॅमेरा समाधानकारक असतो. त्याचा माईक मात्र समोरासमोरच्या बोलण्यासाठी बनविलेला असतो. आवाज लहान झाला की मोबाइल तो आपोआप वाढवितो आणि मोठा झाला की दाबतो. संभाषणात हे सोयीचे असते, पण गाण्यात घात करते. ढोलकीची थाप पडताच मोबाइल सगळाच आवाज खाली ओढतो, त्यात शाहिराचा गळाही दबतो आणि थाप विरली की पुन्हा वर येतो. ऐकणाऱ्याला आवाज हेलकावे खात असल्यासारखे वाटते. भोंग्याजवळ उभे राहिल्यास आवाज माईकच्या क्षमतेपलीकडे जातो आणि फाटतो. एकदा फाटलेला आवाज नंतर कोणत्याही संगणकावर पूर्ववत होत नाही.

दुसरी अडचण अंतराची. गर्दीत मागे उभे राहून कॅमेऱ्याच्या झूमने शाहीर जवळ आणता येतो, परंतु आवाज जवळ येत नाही. माईकला आधी शेजारी बसलेल्यांच्या गप्पा ऐकू येतात, मग शाहीर. म्हणूनच आवाज टिपणारे यंत्र कॅमेऱ्यापासून वेगळे करून कलावंतांच्या जवळ ठेवणे, ही चांगल्या मुद्रणाची पहिली पायरी होय.

पहिली खरेदी : हातात मावणारा रेकॉर्डर

नवा कॅमेरा किंवा महागडा मोबाइल घेण्याचा विचार असेल, तर तो थोडा पुढे ढकलून आधी स्वतंत्र ध्वनिमुद्रक घ्यावा. झूम आणि टॅस्कॅम या दोन जपानी कंपन्यांचे लहान रेकॉर्डर या कामासाठी जगभर वापरले जातात. झूमचा ‘एच-१ इसेन्शियल’ २०२४ च्या प्रारंभी अमेरिकेत सुमारे १०० डॉलरला बाजारात आला. त्याचा मोठा भाऊ ‘एच-४ इसेन्शियल’ सुमारे २०० डॉलरचा. आयात शुल्क आणि करामुळे भारतातील किंमत वेगळी पडते, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करूनच घ्यावा. टॅस्कॅमचे ‘डीआर-०५एक्स’ आणि ‘डीआर-४०एक्स’ ही २०१९ पासूनची यंत्रे जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत मिळाली, तर तीही उत्तम काम देतात.

लहान आणि मोठ्या यंत्रातील मुख्य फरक जोडणीचा आहे. ‘एच-१’ आणि ‘डीआर-०५’ मध्ये अंगचे दोन माईक आणि एक छोटी जोडणी असते. ‘एच-४’ आणि ‘डीआर-४०’ मध्ये अंगच्या माईकशिवाय मिक्सरच्या जाड केबल थेट लावता येतील अशा दोन जोडण्या असतात आणि चार स्वतंत्र ट्रॅक एकाच वेळी मुद्रित होतात. केवळ खडी गंमत व दंडार टिपायची असेल तर लहान यंत्र पुरेसे आहे. नाटकही टिपायचे असेल, तर थोडे थांबून मोठे यंत्र घेणे शहाणपणाचे ठरते.

नव्या यंत्रांच्या जाहिरातीत ‘३२ बिट फ्लोट’ हा शब्द ठळकपणे दिसतो. त्याचा अर्थ असा की आवाजाची पातळी आधी ठरविण्याची गरज राहत नाही. फार लहान किंवा फार मोठा मुद्रित झालेला आवाज नंतर संगणकावर योग्य पातळीवर आणता येतो. अचानक उसळणाऱ्या ललकारीसाठी ही मोठीच सोय आहे. मात्र तिला मर्यादा आहे. भोंग्याच्या तोंडाशी ठेवलेला माईक मुळातच थकला, तर यंत्र कितीही नवे असो, आवाज फाटणारच. जुन्या २४ बिट यंत्रात सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी सुरुवातीच्या गणातच लावून घ्यावी. पातळी आपोआप बदलणारी सोय बंद ठेवावी आणि मुद्रण एमपी-३ ऐवजी वेव्ह प्रकारात करावे.

रेकॉर्डर कुठे ठेवावा

यंत्राच्या किमतीपेक्षा त्याची जागा अधिक महत्त्वाची असते. खडी गंमतीत शाहिरापासून दोन-तीन मीटरवर, प्रेक्षकांच्या डोक्याच्या वर जाईल अशा उंचीवर, माईकच्या साध्या स्टँडला रेकॉर्डर बांधावा. ढोलकी फार वरचढ होत असेल, तर यंत्र गायकाच्या बाजूला हातभर सरकवावे. तेवढ्यानेही समतोल बदलतो. माईकचे तोंड भोंग्याकडे कधीही नसावे. ‘डीआर-०५’ चे माईक चहूबाजूंचे सारखेच ऐकतात, त्यामुळे ते अधिक जवळ न्यावे लागते. ‘एच-१’ चे माईक समोरचे अधिक ऐकतात.

मंडई उघड्या मैदानात भरते आणि वाऱ्याची एक झुळूकही मुद्रणात गडगडाटासारखी ऐकू येते. यंत्रासोबतचा स्पंजचा तुकडा मैदानात पुरत नाही. लांब केसांचे, फरसारखे वारारोधक आवरण घ्यावे. तुलनेने अल्प किमतीची ही वस्तू अनेकदा सबंध कार्यक्रम वाचविते.

कॉलरला लावायच्या बिनतारी माईकची जोडीही आता स्वस्तात मिळते. मुलाखतीसाठी ती उपयुक्त आहे. पण छातीशी डफ वाजविणाऱ्या शाहिराच्या कॉलरला असा माईक लावल्यास डफाशिवाय दुसरे काही ऐकू येणार नाही. प्रयोगासाठी ती पहिली खरेदी ठरू नये.

मिक्सरमधून आवाज घेताना

नाटकाच्या वेळी मिक्सरवरून थेट आवाज मिळाला, तर संवाद आणि गाणी अतिशय स्पष्ट येतात. त्यासाठी साउंडवाल्याशी प्रयोगाच्या आधी, तो जुळवाजुळवीत गुंतण्यापूर्वी बोलून घ्यावे. मिक्सरवर मुद्रणासाठी वेगळे आउटपुट असते. नसल्यास ऑक्स आउटपुट चालते. आपल्या रेकॉर्डरला लागणारी केबल आपण न्यावी. ती त्याच्याकडे असेलच, असे नाही.

येथे दोन चुका हमखास होतात. मिक्सरचा आवाज माईकच्या आवाजापेक्षा कितीतरी पट जोरकस असतो. त्यामुळे रेकॉर्डरची जोडणी ‘लाइन’ वर ठेवावी, ‘माईक’ वर नव्हे. दुसरे म्हणजे मोठ्या रेकॉर्डरमधील ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा बंद असल्याची खात्री करावी. तो काही माईकसाठी आवश्यक असतो, मिक्सरच्या आउटपुटला मात्र अपायकारक ठरू शकतो. मिक्सर आणि रेकॉर्डर वेगवेगळ्या प्लगांवर चालत असल्यास ५० हर्ट्झची सलग गुणगुण ऐकू येते. रेकॉर्डर सेलवर चालविला की ती बहुधा थांबते. पॉवर बँक वापरायची असेल तर घरी तपासून घ्यावी. काही पॉवर बँका कमी वीज ओढणाऱ्या यंत्राचा पुरवठा आपोआप तोडतात.

केवळ मिक्सरवर विसंबणे मात्र योग्य नाही. ज्या वाद्यापुढे माईक नाही, ते मिक्सरमध्ये नसतेच. शिवाय प्रेक्षकांचे हसू आणि शिट्ट्याही गायब होतात व प्रयोग रिकाम्या खोलीत झाल्यासारखा वाटतो. म्हणून दोन ट्रॅक मिक्सरचे आणि दोन यंत्राच्या स्वतःच्या माईकचे, अशी चार ट्रॅकची योजना नाटकासाठी सर्वांत विश्वासाची. नंतर दोन्ही हवे त्या प्रमाणात मिसळता येतात.

कॅमेरा : आहे तोच मोबाइल, पण स्थिर

आवाजाची सोय झाली की चित्रासाठी सुरुवातीला हातातला मोबाइल पुरतो. त्याला आधार हवा. मजबूत ट्रायपॉड आणि मोबाइल पकडणारा चिमटा ही दुसरी खरेदी. संपूर्ण फड चौकटीत मावेल असे एक स्थिर दृश्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यावे. शक्य असल्यास दुसऱ्या मोबाइलवर चेहरे, हात आणि पायांची चाल टिपावी. मोबाइल विमान स्थितीत ठेवावा, अन्यथा ऐन रंगात आलेला फोन मुद्रण थांबवू शकतो. दुपारच्या उन्हात मोबाइल तापून बंद पडतो. त्याच्यावर छत्रीची किंवा टोपीची सावली धरावी.

रात्रीच्या नाटकात प्रकाशाचा प्रश्न येतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावरील अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या मोबाइलमध्ये पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. यावर उपाय म्हणजे सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवणे. काही मोबाइलमध्ये ही सोय ‘पाल’ या नावाने सेटिंगमध्ये दडलेली असते. मंचावरील पात्राच्या चेहऱ्यावर बोट दाबून प्रकाशाची पातळी कायम करावी. नाहीतर पार्श्वभूमी काळोखी असल्याने मोबाइल चित्र उजळवितो आणि चेहरे पांढरेफटक पडतात.

पुढे कॅमेरा घ्यायचा झाल्यास जुन्या बाजारातील वस्तूंचा विचार जरूर करावा, पण तीन गोष्टी पाहून. अनेक जुने डीएसएलआर कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर चित्रीकरण आपोआप थांबवितात. तासभर रंगणाऱ्या सवाल-जवाबात हे परवडत नाही. लहान कॅमकॉर्डरला अशी अडचण सहसा नसते आणि त्याचे झूम दूरवरून उपयोगी पडते, मात्र बाहेरचा माईक लावण्याची जोडणी सर्वच कॅमकॉर्डरना नसते. तिसरी गोष्ट बॅटरीची. त्या बनावटीची नवी बॅटरी अद्याप मिळते का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

मेमरी कार्डावर विनाकारण अधिक पैसे खर्च होतात. ५० मेगाबिट वेगाच्या चित्रीकरणालाही सेकंदाला जेमतेम सव्वासहा मेगाबाइट लागतात. ‘क्लास १०’ चे अस्सल कार्ड किमान १० मेगाबाइटची हमी देते. अतिवेगवान कार्डाऐवजी त्याच पैशात खात्रीच्या दुकानातून दोन साधी कार्डे घ्यावीत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे दोन ट्रॅकचे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे १ जीबी जागा घेते, ३२ बिटचे सुमारे १.४ जीबी. फुल एचडी चित्रीकरणाला मोबाइलनुसार तासाला साधारण ४ ते ८ जीबी लागतात. चार तासांच्या प्रयोगासाठी ३२ जीबी मोकळी जागा हाताशी असावी.

आवाज आणि चित्र जुळविणे

वेगळा मुद्रित केलेला आवाज चित्राला जोडणे अवघड नाही. दोन्ही यंत्रे सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवावी. संगणकावर टाळीचा उंचवटा आणि हात मिळाल्याची चौकट एकमेकांखाली आणली की काम झाले. यासाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि ध्वनिसंस्करणासाठी ऑडॅसिटी ही साधने पैसे न देता वापरता येतात. कॅमेरा बराच मागे असेल, तर त्याच्या स्वतःच्या आवाजाशी जुळवू नये. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे चौदा मीटर अंतरावरील कॅमेऱ्यात तो जवळपास एका चौकटीने उशिरा पोहोचतो. लांबलचक प्रयोगात दोन यंत्रांची घड्याळे किंचित मागेपुढे होतात. त्यासाठी मध्यंतरानंतर पुन्हा एक टाळी द्यावी.

आधी विचारा, मग टिपा

तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे तो हक्काचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क दिला आहे. या कायद्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्यासह गारुडी आणि कसरत करणाऱ्यांचाही समावेश आहे, म्हणजे शाहीर आणि दंडारीतला नर्तकही त्यात आला. हा हक्क प्रयोगाच्या पुढील वर्षारंभापासून ५० वर्षे टिकतो. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण कायद्याला मान्य आहे. तेच इंटरनेटवर टाकून त्यातून उत्पन्न मिळविणे ही वेगळी बाब ठरते.

झाडीपट्टीचे नाटक तिकिटावर चालते. हंगामातील नवे नाटक पहिल्याच आठवड्यात इंटरनेटवर आले, तर पुढच्या गावची तिकीटविक्री धोक्यात येते आणि त्यावर अनेक कलावंतांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. म्हणून पक्षप्रमुखाची किंवा कंपनीची परवानगी आधी घ्यावी, शक्य तर लेखी. काय, कुठे आणि केव्हा प्रसिद्ध होणार, हे स्पष्ट सांगावे. मुद्रणाची एक स्वच्छ प्रत कलावंतांना द्यावी. स्वतःच्याच कार्यक्रमाची चांगली प्रत अनेक शाहिरांकडे नसते.

मुद्रणानंतरचे काम

मोबाइलमध्ये पडून राहिलेले मुद्रण मोबाइलबरोबरच संपते. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तीन प्रती कराव्यात. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. फाइलच्या नावात दिनांक, गाव, तालुका, पक्षाचे नाव आणि प्रकार लिहावा. सोबत एका कागदावर शाहिरांची व वादकांची नावे आणि गायलेल्या रचनांचा क्रम नोंदवावा. पुढे अभ्यासकाच्या दृष्टीने या नोंदीशिवाय मुद्रणाची किंमत निम्मी होते. घरात जुन्या ऑडिओ कॅसेट किंवा मिनी डीव्ही टेप असतील, तर त्याही आताच संगणकावर उतरवून घ्याव्यात. टेप खराब होण्याआधीच ती वाजविणारी यंत्रे दुर्मीळ होत आहेत.

खरेदीचा क्रम एका दृष्टिक्षेपात

१) हातात मावणारा रेकॉर्डर, वारारोधक आवरण आणि माईक स्टँड.
२) मजबूत ट्रायपॉड व मोबाइलचा चिमटा.
३) दोन अस्सल मेमरी कार्डे, जादा सेल, तपासलेली पॉवर बँक.
४) मिक्सरसाठीच्या केबल, दोन प्रकारच्या टोकांसह.
५) प्रती ठेवण्यासाठी दोन हार्ड डिस्क.
६) हे सारे झाल्यावर आणि पैसे उरल्यास, कॅमेरा.

मंडईचे मैदान ही नव्या यंत्राची पहिली चाचणी नसावी. गावातील भजनी मंडळाच्या एखाद्या साप्ताहिक बैठकीत यंत्र ठेवून तासभर मुद्रण करावे, घरी हेडफोन लावून ऐकावे आणि चुका तिथेच दुरुस्त कराव्यात. भजनाची बैठक पुढच्या आठवड्यात पुन्हा भरते, शाहिराचा जवाब मात्र एकदाच येतो.